काजूच्या गोडाऊनमध्ये एआय आणण्याआधी : संचालक मंडळांना खुलं पत्र

प्रति,
सर्व संचालक,
काजू प्रक्रिया संस्था, विकास सोसायट्या आणि शेतकरी उत्पादक कंपन्या,
सिंधुदुर्ग व रत्नागिरी जिल्हे

स.न.वि.वि.

जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीत एआयचा वापर वाढवण्यासाठीचं महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलं आणि पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटींची तरतूद जाहीर झाली. तेव्हापासून आपल्याकडे लॅपटॉप घेऊन येणाऱ्यांची वर्दळ वाढली आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या हाफिसात एखादं तरी प्रेझेंटेशन झालं असेल. अशाच एकाला मीही कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलो होतो. पडद्यावर भिवंडीसारख्या ठिकाणचं भलंमोठं गोडाऊन, त्यात आपोआप फिरणाऱ्या गाड्या, खोक्यावरचा कोड वाचणारे कॅमेरे. आमचं गोडाऊन म्हणजे चिऱ्याच्या भिंती, वर पत्रा, आत सुंभाने शिवलेल्या पोत्यांच्या थप्प्या. खोकी नाहीत, कोड नाहीत, आणि थप्पीवर मांजर झोपलेलं.

तरीही मी या तंत्राच्या विरोधात लिहीत नाही, हे आधीच सांगतो. कुडाळ तालुक्यातल्या एका काजू कारखान्याचं गोडाऊन मी सांभाळतो. बी उतरवून घेणं, वजन, ओलावा, थप्पी, उकडायला काढून देणं, ही माझी कामं. ती करताना रोज वाटतं की इथे हिशेब करणारं काहीतरी हवं, माणसाच्या डोक्यात एवढं मावत नाही. पण जे विकायला आणलं जातंय ते त्या जागेसाठी नाही. आपले पैसे गळतात एकीकडे आणि यंत्र बसतं दुसरीकडे, म्हणून हे पत्र.

विकायला येतो तो मुख्यतः कलर सॉर्टर. यंत्र चांगलं आहे, त्याबद्दल दुमत नाही. गर पट्ट्यावरून घसरतो, कॅमेरा प्रत्येक दाणा बघतो, डागाळलेला किंवा साल चिकटलेला दिसला की हवेचा झोत मारून त्याला बाजूला उडवतो. पूर्वीच्या यंत्रात रंगाची मर्यादा माणूस ठरवून द्यायचा. आताचं यंत्र हजारो फोटोंवरून शिकतं, त्यामुळे करपलेला दाणा आणि नुसता पिवळसर दाणा यांतला फरक त्याला बराच कळतो. मोठ्या कारखान्याला ते परवडतं. पण कॅमेऱ्याला दिसतं ते वरचं. आतून खवट झालेला गर बाहेरून पांढराशुभ्र असू शकतो, आणि तो तसा का झाला याचं उत्तर प्रतवारीच्या टेबलावर नसतं. ते चार महिने मागे, माझ्या थप्पीत असतं. सॉर्टर नुकसान मोजतो. झालेलं नुकसान अचूक मोजून मिळालं तर त्याचा उपयोग आहेच, पण मग ते टळायचं कुठे?

आपल्या धंद्याची अडचण सगळ्यांना माहीत आहे, तरी मांडतो. बी येते फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत. कारखाना चालवायचा बारा महिने, कारण फोडणाऱ्या, सोलणाऱ्या, निवडणाऱ्या बायकांना चार महिन्यांचं काम देऊन आठ महिने घरी बसवता येत नाही. म्हणजे बहुतेक बी साठवणीतच असते, आणि साठवणीचा मोठा काळ नेमका पावसाचा. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात आपण कोरडा माल सांभाळायला बसलोय. बी आठ-नऊ टक्के ओलाव्यावर आली तर टिकते. त्याहून ओली थप्पीत गेली की आत ऊब धरते, बुरशी येते, गरावर काळे डाग पडतात. आणि वाळलेली बीसुद्धा जुलैची हवा पिऊन पुन्हा ओली होते.

त्यात 2025 सारखं वर्ष. मान्सून 25 मे रोजीच देवगडपर्यंत आला. नेहमी जूनचा पहिला आठवडा धरून जे शेवटच्या बीचं वाळवण खळ्यावर पसरतात, त्यांची ताडपत्री शोधता शोधता तारांबळ. त्या आठवड्यात आलेली पोती वरून कोरडी होती. हात आत घातला की कळायचं.

हे कळणं कसं असतं ते जरा सांगतो, कारण एआयवाल्यांना नेमकं हेच दाखवलं जात नाही. एकाच दिवशी दोन टेम्पो येतात. एक कातळावरच्या गावातला. तिथे बी तापलेल्या कातळावर पसरतात, दोन-तीन उन्हं खाल्ली की मूठभर बी कानाजवळ हलवल्यावर खडखड वाजते. दुसरा नदीकाठच्या गावातला. तिथे बागेच्या सावलीत अंगणात वाळवण होतं, दुपारनंतर ऊन नाही. तीच मूठ हलवली तर आवाज दबका येतो. मॉइश्चर मीटर दोन्हींना कधी कधी जवळपास सारखाच आकडा दाखवतं, कारण नमुना पोत्याच्या तोंडाचा असतो. मग मी पोत्याच्या पोटात बंबू, म्हणजे नमुना काढायची पोकळ सळई, खुपसून बी काढतो. किलोभर मोजून घेतो, किती नग भरले ते लिहितो, कापून बघतो. चांगला गर वेगळा, पोचट वेगळा, डागी वेगळा, किड्याने पोखरलेला वेगळा. किलोमागे 270 ग्रॅम चांगला गर निघाला तर 80 किलोच्या पोत्याला सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस पौंडांचा उतारा पडतो. खरेदीचा भाव यावर ठरतो, आणि ठरलाच पाहिजे. ओलाव्याचाही हिशेब साधा आहे: 12 टक्के ओलाव्याची 100 किलो बी 8 टक्क्यांवर आणली की साडेपंचाण्णव किलोच्या आसपास उरते. कमी झालेलं चार-साडेचार किलो पाणी आपण बीच्या भावाने घेतलेलं असतं.

हे सगळं मी वहीत लिहितो. दुसऱ्या दिवशी मोठा गाडीभर माल येतो, जागा नसते, आणि नदीकाठची पोती कातळावरच्या पोत्यांच्या मागे जातात. गोडाऊनचा नियम एकच: आधी आला तो आधी गेला. हा नियम सिमेंटला चालतो. बीला चालायला नको, कारण मार्चमध्ये आलेली कडक वाळलेली बी ऑक्टोबरपर्यंत ढिम्म बसते आणि मेच्या शेवटच्या आठवड्यातली पंधरा दिवसांत ऊब धरते. आधी बिघडेल तो आधी गेला पाहिजे. पण कोणता आधी बिघडेल हे शेकडो लॉटच्या, म्हणजे वेगवेगळ्या खेपांच्या, बाबतीत, रोज बदलणाऱ्या हवेत, एका माणसाने आठवणीवर कसं ठरवायचं? भाद्रपदात गणपतीला घरी चार दिवस गेलो की पाचव्या दिवशी परत येऊन थप्पीला नाक लावत फिरायचं, ही आमची सध्याची यंत्रणा.

एआयची पहिली जागा इथे आहे. प्रत्येक थप्पीच्या पोटात तापमान आणि दमटपणा मोजणारा एक साधा सेन्सर. बाहेरच्या हवेचा अंदाज हवामान खात्याकडून मिळतोच. लॉट आला त्या दिवसाचा ओलावा, नग, कापणीचा निकाल, गाव, वाळवणाची जागा. आणि या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला, तो लॉट उकडून, फोडून, सोलून निघाल्यावर अख्खा गर किती, पाकळी किती, डागी किती. ही दोन टोकं जोडून दोन-चार हंगामांची नोंद मिळाली, की 'उद्या कोणती थप्पी काढायची' याचा बऱ्यापैकी अंदाज बांधणारं मॉडेल तयार करणं आजच्या तंत्राला अवघड नाही. त्याला रोबो लागत नाही, फिरत्या गाड्या लागत नाहीत. रोज सकाळी फोनवर तीन ओळी आल्या तरी काम झालं: ही थप्पी आज काढा, ही उलटी लावा, या कोपऱ्याची खिडकी बंद ठेवा.

आता खरी गोम. ही दोन टोकं आज आपल्यापैकी कुणाकडेही जोडलेली नाहीत, निदान मी पाहिलेल्या कारखान्यांत तरी नाहीत. माझ्या वहीत लॉट आहे. प्रतवारीच्या वहीत दिवस आहे. मधे उकडणीचं भांडं. ते भरलं पाहिजे म्हणून उरलेली दोन पोती एका लॉटची, चार दुसऱ्याची, बाकी तिसऱ्याची, असं एकत्र होतं, आणि तिथे लॉट संपतो. त्यानंतर फोडणी, बोर्मा (गर वाळवायची भट्टी), सोलणी, निवड. टेबलावर 320 नंबरचा (पौंडाला 320 दाणे भरणारा) गर किती आणि पाकळी किती हे नीट लिहिलं जातं, पण तो कुणाच्या बीचा, किती दिवस कुठे पडून असलेल्या बीचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ही माहिती नसेल तर कितीही महागडं मॉडेल आणा, ते शिकणार कशावरून? विक्रेता सांगेल की आमचं मॉडेल आधीच शिकलेलं आहे. त्याला विचारा, कोणत्या बीवर? आफ्रिकेतून कंटेनरने मंगळूर किंवा तुतिकोरिनला उतरणारी बी वेगळी, तिचा प्रवास वेगळा, तिचं गोडाऊन वेगळं. वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 ची टपोरी बी जांभा दगडाच्या भिंतीआड जुलैत कशी वागते, हे तिथल्या आकड्यांत नाही.

म्हणून पहिली मागणी जवळजवळ बिनपैशाची आहे. येत्या हंगामापासून उकडणीत लॉट मिसळू नका. मिसळावाच लागला तर मिसळलेल्याला नवा नंबर द्या आणि त्यात काय काय गेलं ते लिहा. प्रत्येक लॉटबरोबर एक चिठ्ठी गोडाऊनपासून टिन भरेपर्यंत फिरू द्या. कागदाची चालेल. भांडं थोडं रिकामं उकडलं जाईल, जळण थोडं जास्त लागेल, सुपरवायझर कुरकुर करतील. करू देत.

दुसरी मागणी एकत्र येण्याची. आपल्याकडे मोठे कारखाने मोजके, बाकी घरगुती आणि लहान युनिटं. एका लहान युनिटच्या एका हंगामाच्या नोंदीतून काही शिकता येत नाही. तेवढ्यात योगायोग कुठला आणि कारण कुठलं हे यंत्रालाही सांगता येत नाही, त्यात 2020 च्या टाळेबंदीसारखं एखादं वर्ष आलं की सगळे अंदाज भरकटतात. सावंतवाडीपासून राजापूर-लांज्यापर्यंतच्या युनिटांनी एकाच नमुन्यात नोंद ठेवली तर दोन हंगामांत कामाची माहिती जमेल. वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र आहे, दापोलीला कृषी विद्यापीठ आहे. नोंदीचा नमुना त्यांच्याकडून तपासून घ्या, विक्रेत्याकडून नको.

एकत्र माहिती म्हटलं की आपल्याकडे लगेच शंका येते, आणि ती रास्त आहे. माझा उतारा शेजारच्या कारखान्याला कळला तर? माझा खरेदीचा भाव? तर भाव त्यात टाकूच नका. ओलावा, नग, गाव, तारखा आणि निकाल एवढ्यावर थप्पीचा अंदाज बांधता येतो. आणि जमा झालेली नोंद कुणाची, हे कागदावर आधी लिहून घ्या. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा माणसाच्या वैयक्तिक माहितीपुरता आहे. बीचा ओलावा आणि उतारा त्यात बसत नाही. म्हणजे तुमची नोंद कोणी नेली, तिच्यावर मॉडेल शिकवलं आणि तेच तुम्हाला वर्षाच्या भाड्याने विकलं, तर अडवायला करारापलीकडे हातात काही नाही. करार संपला की आमची नोंद आम्हाला वाचता येईल अशा स्वरूपात परत, आणि तिच्यावर शिकवलेलं मॉडेल दुसऱ्याला देताना आमची संमती, ही दोन कलमं नसतील तर सही करू नका. मोठ्या शहरातल्या विक्रेत्याला हे ऐकून हसू येईल. येऊ दे.

भावाच्या अंदाजाबद्दल थोडं, कारण प्रेझेंटेशनमध्ये सगळ्यात आकर्षक आलेख तोच असतो. पश्चिम आफ्रिकेचा हंगाम आपल्याबरोबरच येतो, टांझानिया-मोझांबिकची बी ऑक्टोबर ते जानेवारी. कच्च्या बीवर आयात शुल्क अडीच टक्के. दिवाळीची मागणी, लग्नसराई. हे सगळं घालून मेमध्ये बी काय भावाने घ्यावी याचा अंदाज निघू शकतो, कितपत खरा ठरेल ते वेगळं. पण सगळे कारखानदार एकच अंदाज बघून एकाच दिवशी खरेदीचा हात आखडता घेऊ लागले, तर मधे मरेल तो बागायतदार. भावावरून आंदोलनं करून तो आधीच थकलेला आहे. शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांनी तरी इथे ठाम राहावं: जो अंदाज खरेदीदाराच्या फोनवर जाईल तोच त्याच वेळी सभासद शेतकऱ्याच्या फोनवर गेला पाहिजे. नाहीतर तो विकतच घेऊ नका.

बागायतदाराचा विषय निघालाच आहे तर तारणाचंही सांगतो. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990-91 पासून आहे, काजू बी त्यात बसते. मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, 6 टक्के व्याज, मुदत 180 दिवस. मेमध्ये पडत्या भावात विकण्याऐवजी पोती तारण ठेवली तर शेतकरी दिवाळीच्या तेजीपर्यंत थांबू शकतो. कागदावर हे झकास आहे. प्रत्यक्षात ते 180 दिवस म्हणजे आपले अख्खे पावसाळी दिवस, आणि नोव्हेंबरात पोतं उघडल्यावर आत काय असेल याची हमी ना शेतकऱ्याला, ना कर्ज देणाऱ्याला. थप्पीतल्या सेन्सरची नोंद इथे सोन्याच्या मोलाची ठरेल. ऑगस्टमध्ये यंत्राने सांगितलं की ही थप्पी बिघडतेय, तर तेव्हाच शेतकऱ्याला फोन करून विचारता येईल: आता विकतोस की उन्हाची उघडीप मिळाली तर पुन्हा वाळवून ठेवू? विकास सोसायट्यांकडे ओस पडलेली गोडाऊनं आहेत. एखाद्या सोसायटीने दहा शेतकऱ्यांच्या पोत्यांवर हा प्रयोग केला तरी मला तो कलर सॉर्टरपेक्षा महत्त्वाचा वाटेल.

वाहतुकीबद्दल थोडक्यात. गाडीचा मार्ग सुचवणारी सॉफ्टवेअर घाट बंद आहे हे उशिरा ओळखतात. कोल्हापूरकडे जाणारा करूळ घाट दुरुस्तीसाठी वर्षभर बंद होता तेव्हा ड्रायव्हरांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच आमचा नकाशा होता. गर हलका, महाग आणि टिकाऊ माल आहे. दोन-तीन युनिटांचे टिन एका गाडीत जोडून पाठवले तर भाडं वाचतं, आणि ती जोडणी सुचवायला साधी एक्सेल पुरते. त्यावर एआयचा पैसा घालवू नका.

आता निवडणाऱ्या बायकांबद्दल. कॅमेऱ्याला शिकवायला हजारो दाण्यांचे फोटो लागतात आणि प्रत्येक फोटोवर कुणीतरी सांगावं लागतं: हा 240, हा 320, हा करपलेला, ही पाकळी. हे कोण सांगणार? टेबलावर वीस-वीस वर्षं बसलेल्या बायकाच. त्यांच्या बोटांना दाण्याचा नंबर न मोजता कळतो. पौंडाला 240 दाणे की 320, हे त्या ढिगात हात घालून सांगतात. एका कारखान्यात असे फोटो निवडून घेण्याचं काम त्यांच्याकडून मजुरीच्या वेळेत, किलोच्या दराने चालणाऱ्या कामातून वेळ काढून करून घेतलं गेलं, आणि त्या आठवड्यात त्यांचं वजन कमी भरलं म्हणून मजुरीही कमी पडली. असं करू नका. यंत्राला शिकवणं हे कसबाचं काम आहे, त्याचा वेगळा आणि चढा दर लावा. यंत्र आल्यावर किती बायका कमी होणार, हे त्यांना आधी सांगा, नंतर नोटीस लावून नव्हे. माझ्या मते कमी करायची गरजही नाही. सॉर्टरने उडवलेल्या मालात बराच चांगला दाणा जातो, आणि तो परत निवडायला हात लागतातच. कॅमेरा टेबलावर बसवलात तर त्याने दाणे बघावेत. कोण किती वेळ उठलं हे मोजायला तो वापरलात तर आठ दिवसांत टेबल रिकामं होईल, आणि मुंबईला कामाला गेलेली बाई परत येत नाही.

राहिल्या बारीक गोष्टी. जूनच्या वाऱ्यात आपल्याकडे लाइट जाते, कधी दोन दिवस येत नाही; टॉवर त्याच्याबरोबर जातो. सेन्सर बॅटरीवर चालला पाहिजे, नोंद जागेवर साठली पाहिजे, रेंज आल्यावर वर गेली पाहिजे. सूचना मराठीत हवी, आणि बोलून हवी, कारण पोत्यावर उभा असलेला माणूस खिशातून चष्मा काढून स्क्रीन वाचत नाही. यंत्राचं म्हणणं मला पटलं नाही आणि मी दुसरी थप्पी काढली, तर तसं नोंदवायची सोय हवी, कारणासकट. वर्षअखेरीस बघू कोण बरोबर होतं. मला त्याची भीती नाही, उलट उत्सुकता आहे.

फेब्रुवारीत पहिली बी यायच्या आत, जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात सगळ्या संस्थांच्या गोडाऊनवाल्यांची एक बैठक बोलवा. संचालकांची नव्हे, गोडाऊनवाल्यांची. उकडणीवरचा आणि प्रतवारीच्या टेबलावरचा एकेक माणूसही बोलवा. चिठ्ठीवर कोणते रकाने असावेत ते तिथे ठरू दे. माझ्याकडे एक कच्चा नमुना तयार आहे: लॉट नंबर, गाव, वाळवण कशावर, ओलावा पोत्याच्या तोंडाचा आणि पोटाचा वेगवेगळा, किलोत नग, कापणीचा निकाल, थप्पी कुठे, काढली कधी, उकडली कुणाबरोबर, अख्खा, पाकळी, डागी. एका बाजूला मावतं. विक्रेत्यांना फेब्रुवारीनंतरची तारीख द्या.

कळावे,

आपला,
एक गोडाऊन कीपर,
कुडाळ तालुका